संरक्षण खात्याचं काम आणि सुरक्षा मंजुरी : नियम सैल झाले म्हणजे नेमकं काय झालं?

भोसरी एमआयडीसीत माझ्या एका मित्राचं छोटं शॉप आहे. तीन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन), एक जुना लेथ, आठ-नऊ माणसं. ऑफिस म्हणजे पत्र्याचं पार्टिशन. त्या पार्टिशनमागे एक लोखंडी कपाट आहे आणि कपाटाच्या कडीला सुतळीने बांधलेली हिरव्या पुठ्ठ्याची वही. एका मोठ्या कंपनीकडून त्याला संरक्षण खात्यासाठी लागणाऱ्या एका भागाचं टर्निंगचं, म्हणजे लेथवर कातण्याचं, काम येतं. त्या भागाचं ड्रॉइंग कपाटात कुलुपात असतं. सकाळी ते बाहेर काढताना तारीख, ड्रॉइंगचा नंबर, कोणी घेतलं, किती वाजता घेतलं हे वहीत लिहायचं आणि संध्याकाळी परत ठेवताना पुन्हा सही करायची. तिथले सर्वांत जुने टर्नर, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ती सही इतकी सावकाश करतात की बँकेत चेकवर करावी. त्या मशीनपाशी जायच्या आधी सगळ्यांचे मोबाइल एका प्लास्टिकच्या टोपलीत जमा होतात.

या मित्राने मला विचारलं, "थेट टेंडर भरायचं म्हणतोय. दिल्लीहून सुरक्षा मंजुरी आणावी लागेल का रे? कुणी म्हणतं दोन वर्षं जातात. कुणी म्हणतं आता सगळं सोपं झालंय, काही लागत नाही."

दोन्ही म्हणणाऱ्यांचं अर्धं खरं आहे आणि घोळ त्या उरलेल्या अर्ध्यात आहे. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे हे नियम बरेच सैल झाले. पण सैल झाले म्हणजे सरकारने डोळे मिटले असं नाही. कुठे तपासायचं आणि कुठे उगाच अडवायचं नाही, याची जागा बदलली. काही ठिकाणी ती बरोबर बदलली आणि काही ठिकाणी अजून चुकते आहे.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करू, कारण बोलताना आपण त्या एकाच पिशवीत टाकतो. पहिली, परवाना, म्हणजे अमुक वस्तू बनवायला सरकारची परवानगी. दुसरी, सुरक्षा मंजुरी. कंपनी कोणाची, संचालक कोण, पैसा कुठून आला, हे पाहून गृह मंत्रालय जो होकार देतं तो. तिसरी, कारखान्यातली प्रत्यक्ष सुरक्षा : भिंत, गेट, पास, कॅमेरे, रजिस्टर, कॉम्प्युटर. पहिली कागदावर असते, दुसरी फाइलमध्ये आणि तिसरी अण्णांच्या सहीत. नियम सैल झाल्याची बातमी येते तेव्हा ती यातल्या कुठल्या गोष्टीबद्दल आहे, हे आधी पाहायचं.

2001 पर्यंत प्रश्नच नव्हता. तोफा, बंदुका, दारूगोळा, रणगाडे हे सगळं सरकारी कारखान्यांचं काम. खडकीचा दारूगोळा कारखाना, भुसावळ, वरणगाव, अंबाझरी, भंडारा ही नावं महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत वडिलांच्या, मामांच्या नोकरीमुळे माहीत आहेत. मे 2001 मध्ये सरकारने हे क्षेत्र खासगी भारतीय कंपन्यांना खुलं केलं आणि 26 टक्क्यांपर्यंत परदेशी भांडवलालाही वाट दिली. परवाना मात्र हवाच होता. अर्ज केंद्राच्या उद्योग खात्याकडे करायचा. तिथून तो संरक्षण मंत्रालय, गृह मंत्रालय आणि राज्य सरकार यांच्याकडे मतासाठी जायचा.

अडचण अशी होती की 'संरक्षणाची वस्तू' म्हणजे काय, याची नीट यादीच प्रसिद्ध नव्हती. एखादा फाउंड्रीवाला कास्टिंग, म्हणजे धातू साच्यात ओतून केलेला भाग, बनवतो. तेच कास्टिंग ट्रकलाही लागतं आणि लष्करी गाडीलाही. मग त्याला परवाना लागतो की नाही? कोणी ठाम सांगेना. त्यामुळे उद्या अंगाशी नको म्हणून अर्ज केलेला बरा, अशी वृत्ती झाली. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच. ज्यांच्याकडे गुपित असं काही नाही अशांच्याही फाइली त्याच रांगेत उभ्या राहिल्या, आणि ज्यांची खरोखर कसून चौकशी हवी त्या फाइली त्यांच्या मागे अडकल्या. सुरक्षेच्या दृष्टीनेही हे वाईटच. तपासणारी माणसं मोजकी असतात. नटबोल्टवाल्याच्या कागदांवर त्यांचे दिवस गेले, तर स्फोटकंवाल्यासाठी वेळ उरत नाही.

जून 2014 मध्ये ती यादी आली. माझ्या मते या सगळ्या प्रवासातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच, आणि त्याची बातमी मात्र सर्वांत कमी झाली. सरकारने परवाना लागणाऱ्या संरक्षण वस्तूंची नावं जाहीर केली आणि स्पष्ट लिहिलं, की यादीत नसलेल्या वस्तूंना, विशेषतः सुटे भाग, कास्टिंग, फोर्जिंग (धातू ठोकून घडवलेले भाग) यांना, या कारणासाठी औद्योगिक परवाना लागणार नाही. लष्करी आणि नागरी असा दुहेरी वापर असलेल्या वस्तूही, यादीत मुद्दाम घातलेल्या सोडून, मोकळ्या झाल्या. पुढे 1 जानेवारी 2019 ला यादी पुन्हा तपासून दोन कायद्यांत विभागली. रणगाडे आणि चिलखती वाहनं, लष्करी विमानं, युद्धनौका हे 1951 च्या उद्योग कायद्याखाली. शस्त्रं आणि दारूगोळा 1959 च्या शस्त्र कायद्याखाली.

त्याच 2014 मध्ये संरक्षण उत्पादन विभागाने परवानाधारक कंपन्यांसाठी सुरक्षेची नियमपुस्तिका काढली. तिने कारखान्यांचे तीन गट पाडले. 'अ' गटात स्फोटकं, प्रणोदक (रॉकेट किंवा गोळा पुढे ढकलणारं इंधन), विमानं, युद्धनौका, शस्त्रं अशा अत्यंत संवेदनशील गोष्टी, ज्यांना सर्वांत कडक बंदोबस्त. 'ब' गटात अर्धवट तयार माल, मोठ्या शस्त्राचे जोड-भाग, उपप्रणाली. 'क' गटात ज्यांत कुठलीही गोपनीय माहिती वापरली जात नाही अशा सर्वसाधारण वस्तू, ज्यांना अगदी प्राथमिक सुरक्षा पुरते. रॉकेटचं इंधन भरणारा कारखाना आणि बूट शिवणारा कारखाना या दोघांनाही एकाच मापाने मोजायचं, तर बूटवाला खर्चाने मेला असता.

पुढच्या सवलती भराभर आल्या. परवान्याची मुदत पूर्वी दोन-तीन वर्षांची असे. जमीन घेऊन, शेड उभारून, मशीन बसवून, चाचण्या देऊन ऑर्डर मिळेपर्यंत ती संपायची आणि परत पहिल्यापासून नमस्कार. सप्टेंबर 2015 मध्ये ती 15 वर्षं झाली, 18 पर्यंत वाढवता येईल अशी. परवानाधारकाला आपला माल गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या संस्था, राज्य सरकारं, सार्वजनिक कंपन्या आणि दुसरे परवानाधारक यांना विकायला संरक्षण खात्याची आगाऊ परवानगी लागेनाशी झाली.

आता सुरक्षा मंजुरीकडे वळू, कारण लोकांच्या मनात भीती असते ती हिचीच. ही फक्त संरक्षणासाठी नसते. दूरसंचार, बंदरं, विमानतळ, प्रसारण अशा अनेक क्षेत्रांत ती लागते आणि गृह मंत्रालय देतं. अर्जात कंपनीचे भागधारक कोण, प्रत्येक संचालकाचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, पत्ता, पासपोर्ट, राष्ट्रीयत्व, गुन्हे दाखल आहेत का, हे सगळं द्यावं लागतं. ते गुप्तचर यंत्रणांकडून पडताळलं जातं. नोव्हेंबर 2018 मध्ये मंत्रालयाने 'ई-सहज' नावाचं पोर्टल सुरू केलं. त्या वेळी मंत्रालयाने दिलेले आकडे बोलके आहेत. निर्णयाची मुदत 90 दिवसांची, प्रयत्न 60 दिवसांचा, आणि 2018 मध्ये एका प्रकरणाला लागलेला सरासरी वेळ 53 दिवस. सहा महिन्यांहून जुनी पडून असलेली प्रकरणं 2016 मध्ये 209 होती, ती 2018 मध्ये 47 वर आली.

म्हणजे "दोन वर्षं जातात" ही गोष्ट सरसकट खरी नाही. पण सरासरी म्हणजे सरासरी. ज्याची फाइल त्या 47 मध्ये होती त्याला 53 दिवसांचं कौतुक कसं वाटणार? लहान उद्योजकाचं कर्जाचं व्याज त्या सगळ्या काळात चालूच असतं. मोठी कंपनी दिल्लीत माणूस ठेवते. भोसरीचा माणूस पोर्टलवर 'प्रक्रियेत आहे' हे दोन शब्द रोज सकाळी उघडून बघतो. सवलत द्यायचीच तर माझ्या मते ती इथे द्यावी : फाइल कुठल्या टेबलावर आहे आणि कागद कुठला कमी आहे, एवढं तरी अर्जदाराला दिसावं. तेवढ्याने देशाचं कुठलंही गुपित फुटत नाही.

परदेशी पैशाच्या बाबतीत 2020 या एकाच वर्षात दोन उलट दिशांच्या गोष्टी घडल्या आणि त्या एकत्र वाचल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. सप्टेंबर 2020 मध्ये नव्या परवान्यांसाठी 74 टक्क्यांपर्यंतची परदेशी गुंतवणूक 'स्वयंचलित मार्गाने' खुली झाली. आधी ती मर्यादा 49 होती. 'स्वयंचलित' या शब्दाने अनेकांची फसगत होते. गुंतवणुकीला सरकारची आगाऊ मान्यता नको, इतकाच त्याचा अर्थ. परवाना लागतोच, गृह मंत्रालयाची सुरक्षा मंजुरी लागतेच, आणि राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून कुठलीही गुंतवणूक पुन्हा तपासायचा हक्क सरकारने त्याच आदेशात लिहून ठेवला. दुसरीकडे एप्रिल 2020 मध्ये, भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या किंवा ज्याचा खरा लाभार्थी त्या देशांतला आहे अशा प्रत्येक गुंतवणुकीला सरकारी मान्यता सक्तीची झाली. जुलैमध्ये त्या देशांतल्या कंपन्यांना सरकारी टेंडर भरायलाही आधी नोंदणी, आणि त्यासाठी परराष्ट्र खात्याची राजकीय व गृह खात्याची सुरक्षा मंजुरी बंधनकारक झाली. एक दार उघडलं, दुसऱ्याला अडसर लावला. मला यात विसंगती दिसत नाही. तपास कोणाचा करायचा, हे सरकारने इथे निवडून ठरवलं.

पण मालक तपासला म्हणजे माल तपासला असं होत नाही, हे ड्रोनने शिकवलं. 25 ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांत नोंदणी किंवा परवान्याआधी सुरक्षा मंजुरीची अट काढून टाकली. आधीचे नियम इतके किचकट होते की हौशी मुलंही घाबरायची. सवलत योग्यच होती, आणि त्यानंतर देशात ड्रोनचे स्टार्टअप भराभर उभे राहिले. लष्करही त्यांच्याकडून ड्रोन घेऊ लागलं. मग फेब्रुवारी 2025 मध्ये बातमी आली, की चीनच्या सीमेवर रसद वाहण्यासाठी मागवलेल्या 400 ड्रोनची कंत्राटं लष्कराने रद्द केली, कारण त्यांत चिनी भाग होते. कंपन्या भारतीय, संचालक भारतीय, पत्ते भारतीय. पण आतली इलेक्ट्रॉनिक्स? उड्डाणाचं नियंत्रण करणारा बोर्ड, संदेश पाठवणारं रेडिओ मॉड्यूल, बॅटरीचं सर्किट हे जिथून आलं, तिथून त्यात काय भरून आलं हे संचालकांच्या पासपोर्टवर कधीच कळणार नव्हतं. सीमेवरचा जवान ज्या ड्रोनची वाट बघतो, तो ऐन वेळी दुसऱ्याच्या हुकमाने खाली उतरला तर काय, हा प्रश्न कागदी नाही. इथे तपासणी ड्रोन उघडून टेबलावर व्हायला हवी : स्क्रू काढा, चिपवरचा नंबर वाचा, सॉफ्टवेअर कोणी लिहिलं ते विचारा.

आता थोडं अमेरिकेकडे पाहू, कारण हाच प्रश्न तिथे जास्त जुना आणि जास्त मोठा आहे. तिथली आजची पद्धत 1993 च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशावर उभी आहे. गोपनीय कंत्राट करायचं तर कंपनीला 'सुविधा मंजुरी' लागते. आणि गंमत नव्हे, खरीच कोंडी अशी, की कंपनी तिच्यासाठी स्वतः अर्ज करू शकत नाही. एखाद्या सरकारी खात्याने किंवा आधीच मंजुरी असलेल्या कंपनीने शिफारस करावी लागते, आणि शिफारस तेव्हाच होते जेव्हा गोपनीय काम द्यायचं असतं. मंजुरी नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून मंजुरी नाही. नव्या, लहान कंपन्या या दारातच अडकतात. मग त्या मोठ्या कंपनीच्या हाताखाली उपकंत्राटदार म्हणून शिरतात, नफ्यातला मोठा वाटा सोडतात आणि शिफारशीची वाट बघतात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी इंजिनिअरांना याची दुसरी बाजू माहीत आहे : व्यक्तीला अशी मंजुरी मिळायला नागरिकत्व लागतं, म्हणून एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवर असेपर्यंत त्या नोकऱ्यांच्या जाहिराती नुसत्या वाचायच्या.

तिथे केलेल्या दोन दुरुस्त्या आपल्याला उपयोगी वाटतात. एक अगदी साधी. दोन कंपन्या मिळून एक संयुक्त कंपनी काढतात. दोघींकडे मंजुरी आहे, पण नव्या कंपनीच्या नावावर नाही, म्हणून टेंडर बाद! डिसेंबर 2019 मध्ये झालेल्या संरक्षणविषयक कायद्याने सांगितलं, की सगळ्या भागीदारांकडे मंजुरी असेल तर नव्या कंपनीकडे वेगळी मागू नका. तपास झालेल्याच माणसांचा तपास पुन्हा करण्यात कोणाचं भलं नव्हतं.

दुसरी दुरुस्ती खोल आहे. 2018 मध्ये तिथे व्यक्तींच्या पार्श्वभूमी तपासणीची सुमारे सव्वासात लाख प्रकरणं तुंबली होती. 2020 च्या सुरुवातीपर्यंत ती दोन लाखांच्या आसपास आली. दर पाच-दहा वर्षांनी प्रत्येकाची पहिल्यापासून चौकशी करायची, ही जुनी रीत तिथे हळूहळू मागे पडली आणि सतत नजर ठेवणारी पद्धत आली. कोणाला अटक झाली, कोणी अचानक कर्जात बुडालं, तर त्याची खबर नोंदींमधून लगेच मिळते. एकदाच दारात अडवून विचारायचं आणि मग दहा वर्षं पाहायचंच नाही, यापेक्षा हे बरं. माणूस बिघडतो तो बहुतेक वेळा मंजुरी मिळाल्यानंतर.

आपल्याकडे एक प्रश्न मात्र कुठल्याच पोर्टलने सुटलेला नाही : मंजुरी नाकारली किंवा काढून घेतली, तर कारण कळायला हवं का? सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये, पाटणा विमानतळावर काम करणाऱ्या एका कंपनीच्या प्रकरणात म्हटलं, की राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न असेल तिथे आधी बाजू ऐकून घेण्याचा नियम बाजूला ठेवता येतो. 5 एप्रिल 2023 ला, सुरक्षा मंजुरी नाकारल्याने परवाना अडलेल्या मीडियावन या मल्याळम वाहिनीच्या निकालात त्याच न्यायालयाने दुसरं टोक दाखवलं. राष्ट्रीय सुरक्षा हे शब्द हवेतून उच्चारून चालणार नाहीत, त्याला आधार दाखवावा लागेल, आणि बंद लिफाफ्यात न्यायाधीशांना कागद देऊन समोरच्याला अंधारात ठेवणं योग्य नाही. मग 15 मे 2025 ला मुंबईसह नऊ विमानतळांवर काम करणाऱ्या, तुर्की मूळ असलेल्या चेलेबी कंपनीची सुरक्षा मंजुरी काढून घेतली गेली, आणि 7 जुलैला दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. ही प्रकरणं विमानतळ आणि प्रसारणाची आहेत, शस्त्रांची नाहीत. पण संरक्षणाचं काम घेणाऱ्या कंपनीवर हीच तलवार टांगलेली असते, किंबहुना जास्त.

मला वाटतं, सगळं कारण सांगता येणार नाही हे मान्य करूनही निदान सारांश द्यायला हवा. संचालकामुळे अडलं, पैशामुळे अडलं की मालामुळे, एवढं कळलं तरी प्रामाणिक माणूस दुरुस्ती करू शकतो. काहीच न कळता बसलेला उद्योजक पुढच्या वेळी अर्जच करत नाही, आणि त्याच्या कौशल्याला देश मुकतो.

माझ्या मित्राला मी शेवटी काय सांगितलं? त्याचा भाग यादीत आहे का ते आम्ही पाहिलं. नव्हता. म्हणजे सुटा भाग म्हणून थेट पुरवायला त्याला औद्योगिक परवाना नको. त्याला लागणार होती ती खरेदीदार संस्थेकडे वेंडर नोंदणी, गुणवत्तेची कागदपत्रं आणि गोपनीयतेचा करार. परवाना लागत नाही म्हणून जबाबदारी सुटत नाही, हेही सांगितलं. 1923 चा शासकीय गोपनीयता कायदा मालकाला जसा लागू, तसा अण्णांनाही, आणि संरक्षणाची गुपितं शत्रूच्या हाती देण्याच्या गुन्ह्याला त्यात 14 वर्षांपर्यंत कैद आहे.

मग मी सहज विचारलं, की कपाटातलं ते ड्रॉइंग येतं कसं. "ई-मेलने," तो म्हणाला. "पीडीएफ येते, आपण प्रिंट काढतो." ती पीडीएफ कुठल्या कॉम्प्युटरवर आहे म्हणून आत जाऊन बघितलं. पार्टिशनमागचं एकच मशीन. त्याच्यावर जीएसटीची रिटर्न्स, बँक, व्हॉट्सअ‍ॅप, आणि शाळा सुटल्यावर त्याच्या मुलाचे गेम. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये दोन वर्षांतली सगळी ड्रॉइंग्ज ओळीने पडलेली. हिरव्या वहीत त्यांतल्या एकाचीही नोंद नव्हती. त्याच संध्याकाळी आम्ही जुना एक सीपीयू साफ करून इंटरनेटची वायर न लावता कपाटाशेजारी ठेवला, फाइली त्यावर हलवल्या, पहिल्यावरून पुसल्या, आणि मोठ्या कंपनीला कळवलं की यापुढे ड्रॉइंग ई-मेलने पाठवू नका, आमचा माणूस येऊन घेऊन जाईल.